बँकिंगसाठी मोफत ब्राउझर सिक्युरिटी: काय ठेवलं, काय काढून टाकलं

हे या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना माझ्या तोंडी सतत येणारे 'म्हणजे' आणि 'ओके' कमी केलेत, सेटिंग्जचे रस्ते जरा नीट लिहून काढलेत, बाकी गप्पा त्याच.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. "दादा, आईला नेटबँकिंग सुरू करून दिलंय. लॅपटॉपवरही वापरते, फोनवरही. तिची पेन्शन त्याच खात्यात येते, एफडी मोडून ठेवलेले पैसेही तिथेच आहेत. ब्राउझर सेफ करायला फुकटातलं काहीतरी टाकून देऊ का? एक एक्स्टेन्शन बघितलंय, स्टार चांगले आहेत."

प्रश्न साधा आहे. पण मी दिवसभर ऑफिसमध्ये वेब ॲप्लिकेशन्सच लिहितो, आणि एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत नेमकं कुठे जाऊन बसतं हे माहीत असल्यामुळे 'हो, टाक' असं पटकन म्हणवेना. म्हणून तीन आठवडे एका जुन्या विंडोज लॅपटॉपवर आणि एका अँड्रॉइड फोनवर जे मोफत मिळतं ते टाकून बघितलं. चाचणीसाठी खऱ्या फसव्या लिंका उघडल्या नाहीत, तुम्हीही उघडू नका. गूगलने आणि अशा सेवा देणाऱ्या काही संस्थांनी मुद्दाम निरुपद्रवी चाचणीची पानं ठेवलेली असतात, तीच वापरली.

आधी, चोर येतो कुठून?

सिक्युरिटी सॉफ्टवेअर निवडायचं तर ते कशापासून वाचवणार हे आधी ठरवायला हवं. ऑनलाइन बँकिंगमध्ये पैसे जायच्या वाटा ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे खोटं पान. एसएमएस येतो, 'तुमचं केवायसी आज संपतंय', लिंक दाबली की हुबेहूब बँकेचं लॉगिन पान. तुम्ही टाकलेला युजर आयडी, पासवर्ड, ओटीपी सगळं समोरच्याच्या हातात. आपल्याकडे ब्राउझरमधून होणारी फसवणूक बहुतेक वेळा अशीच असते.

दुसरी वाट तांत्रिक आहे आणि ऐकायला जास्त भीतीदायक. पान खरं, पत्ता खरा, पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेला एखादा व्हायरस ब्राउझरमध्येच ठाण मांडून बसलेला. २००७ मध्ये पहिल्यांदा नजरेस आलेला झ्यूस हा याचा नामांकित नमुना. बँकेचं खरं पान उघडलं की त्यात तो स्वतःचे रकाने घुसवायचा, 'एटीएम पिनही टाका' वगैरे. नेटबँकिंगच्या पानावर माऊसने दाबायचा तो व्हर्च्युअल कीबोर्ड आठवतोय? कीबोर्डवरची बटणं कोणी टिपत असेल तर वाचावं म्हणून तो ठेवलेला. झ्यूसने त्यावर सरळ उपाय काढला: माऊस क्लिक झाला की तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट.

तिसऱ्या वाटेत कॉम्प्युटरचा काही दोषच नसतो. कोणीतरी फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेतो, किंवा स्क्रीन शेअर करायला लावतो. इथे ब्राउझरमध्ये तुम्ही काहीही बसवलेलं असो, ते बघत राहतं.

(आणि एक चौथीही आहे, जिच्यात तुमचा काही संबंधच नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेत घुसून. कुणा खातेदाराचा ब्राउझर साधा होता की भारी, याने तिथे तसूभरही फरक पडला नसता.)

तर मोफत ब्राउझर सिक्युरिटीचा खरा उपयोग पहिल्या वाटेवर, थोडाफार दुसऱ्या वाटेवर. हे डोक्यात ठेवून पुढे जाऊ.

सगळ्या फ्लॅटच्या चाव्या असलेला वॉचमन

त्या श्रोत्याने बघितलेल्या एक्स्टेन्शनसारखी डझनभर एक्स्टेन्शन्स क्रोमच्या स्टोअरमध्ये मिळतात. बसवायला गेलात की एक छोटी चौकट येते. तिचा मथितार्थ: 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी.' आपण ती न वाचता पुढे जातो. आज ती वाचूया.

बँकेचं पान एचटीटीपीएसने येतं, म्हणजे बँकेच्या सर्व्हरपासून तुमच्या ब्राउझरपर्यंतचा प्रवास सीलबंद पाकिटातून होतो. मधला वायफायवाला, मोबाइल कंपनी, कोणीही ते फोडून वाचू शकत नाही. पण पाकीट घरी आलं की आपणच फोडतो ना? ब्राउझरही तेच करतो. आणि अशी परवानगी घेतलेलं एक्स्टेन्शन रस्त्यावर उभं नसतं, ते घरात तुमच्या शेजारी बसून फोडलेलं पत्र वाचत असतं. तुमचा बॅलन्स, तुम्ही टाइप करत असलेला पासवर्ड, समोर दिसणारा खाते क्रमांक, सगळं त्याच्या आवाक्यात. वर ते पानातला मजकूर बदलूही शकतं.

आता झ्यूस काय करत होता ते आठवा. पान वाचायचं आणि पान बदलायचं. तुम्हाला वाचवायला आलेलं एक्स्टेन्शन अगदी त्याच खुर्चीत बसलेलं असतं. फरक फक्त हेतूचा, आणि हेतू आपल्याला दिसत नाही. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या फ्लॅटच्या चाव्या द्याव्यात तसं आहे हे. वॉचमन सज्जन असेलही. उद्या एजन्सी बदलली, नवा माणूस आला, तर चाव्या त्याच्याकडे जातात, कारण एक्स्टेन्शन तुम्हाला न विचारता आपोआप अपडेट होतं.

हे नुसतं घाबरवणं वाटू नये म्हणून तीन खऱ्या गोष्टी सांगतो.

वेब ऑफ ट्रस्ट नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. कुठली साइट विश्वासार्ह आणि कुठली नाही हे हिरव्या-लाल खुणांनी दाखवायचं. नावातच ट्रस्ट! २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या एनडीआर या प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकली जात होती, आणि त्यावरून खरी माणसं ओळखता येत होती. त्यानंतर ते क्रोम आणि फायरफॉक्सच्या स्टोअरमधून काही काळ गायब झालं.

दुसरी गोष्ट अवास्टची, आणि हे नाव तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर कधी ना कधी असणार. मोफत अँटिव्हायरस, सोबत मोफत ब्राउझर एक्स्टेन्शन. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा की ट्रॅकिंगपासून वाचवतो असं सांगून गोळा केलेली ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत शंभराहून जास्त कंपन्यांना विकली गेली. पत्रकारांनी हे बाहेर काढल्यावर २०२० च्या जानेवारीत जम्पशॉट बंद झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावून जाहिरातीसाठी असा डेटा विकण्यावर बंदी घातली. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण फुकट मिळालं म्हणून आपण खूश होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात कंपनीची नियत चांगली होती. सायबरहेवन ही डेटा चोरी रोखणारी सिक्युरिटी कंपनी. २०२४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तिच्या एका कर्मचाऱ्याला मेल आला: तुमचं एक्स्टेन्शन क्रोम स्टोअरच्या नियमांत बसत नाही, काढून टाकू. मेल बनावट होता. त्यातून हल्लेखोरांनी परवानगी मिळवली आणि कंपनीच्या एक्स्टेन्शनची घाण मिसळलेली आवृत्ती स्टोअरवर चढवली. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांच्या ब्राउझरने नेहमीसारखं अपडेट घेतलं एवढंच. हल्लेखोरांचा डोळा मुख्यतः फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर होता, बँकांवर नाही. पण त्यांनी दुसरं काही ठरवलं असतं तर वाट तीच होती.

म्हणून 'स्टार चांगले आहेत' याला माझ्या लेखी फार किंमत नाही. स्टार आजच्या आवृत्तीला मिळालेले असतात, उद्याच्या नाही.

आपल्या सरकारी बाजूनेही असं एक अवजार आहे. सी-डॅकने बनवलेलं ब्राउझर जेएसगार्ड, २०१७ च्या फेब्रुवारीत सायबर स्वच्छता केंद्राच्या उद्घाटनाच्या वेळी पुढे आलं. पानातलं जावास्क्रिप्ट तपासायचं आणि संशयास्पद हालचाल दिसली तर इशारा द्यायचा, हे त्याचं काम. हेतू स्वच्छ, पैसे शून्य. पण माझा इंजिनिअरी आक्षेप असा की बँकेच्या खोट्या पानाला चलाख जावास्क्रिप्ट लागतच नाही. दोन रकाने, एक बटण, वर लोगो. त्यात तपासायला आहे काय? पान तांत्रिकदृष्ट्या सज्जन असतं, फक्त ते बँकेचं नसतं.

मग 'सेफ बँकिंग' ब्राउझरचं काय?

काही अँटिव्हायरससोबत बँकिंगसाठी वेगळी खिडकी येते. बिटडिफेंडरची सेफपे आहे, आपल्या पुण्याच्या क्विक हीलच्या विकतच्या आवृत्तीत सेफ बँकिंग आहे. परदेशात कित्येक बँका लॉगिननंतर ट्रस्टीयर रॅपोर्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगायच्या. २०१३ मध्ये आयबीएमने ती कंपनी विकत घेतली. कल्पना साधारण एकच: बँकिंगचं काम बाकी कॉम्प्युटरपासून बाजूला काढायचं, स्क्रीनशॉट घेऊ द्यायचा नाही, कीबोर्ड टिपू द्यायचा नाही. हे दुसऱ्या वाटेवरचं औषध, आणि विंडोजवर त्याला अर्थ आहे.

पण गंमत बघा. तुमच्या फोनवर बँकेच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट घ्यायचा प्रयत्न करा. बहुतेक बँकांची ॲप्स 'परवानगी नाही' म्हणतात किंवा काळं चित्र येतं. अँड्रॉइड आणि आयफोनवर प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं, एकाला दुसऱ्याच्या खोलीत थेट डोकावता येत नाही. लॅपटॉपवर जे वेगळं सॉफ्टवेअर घालून मिळवायचं त्यातलं बरंचसं फोनमध्ये मुळातच आहे. त्यामुळे घरचा लॅपटॉप जुना असेल, त्यावर भाच्याने क्रॅक केलेले गेम टाकलेले असतील, तर सेफ बँकिंगची खिडकी शोधत बसण्यापेक्षा बँकेचं काम फोनवरच्या ॲपमधून करा. रोग लागलेल्या मशीनवर बँकिंग करूच नये, हे माझं मत.

शिवाय एक नियम आईला पाठ करून द्या. कुठलंही वेबपेज स्वतःहून 'सुरक्षेसाठी हे डाउनलोड करा' म्हणालं तर टॅब बंद. खोट्या पानावर हाच मजकूर टाकायला कितीसा वेळ लागतो?

मी काय ठेवलं

सगळ्यात आधी ठेवलं ते डीएनएस फिल्टर, कारण त्याला पान वाचता येत नाही. तुम्ही एखाद्या साइटवर जाता तेव्हा फोन आधी विचारतो, 'या नावाचा पत्ता काय?' उत्तर देणारा तो डीएनएस. साधारणपणे ते काम तुमची मोबाइल कंपनी करते. क्वाड९ ही ना-नफा संस्था २०१७ पासून हे काम मोफत करते आणि फसवणुकीसाठी वापरली जाणारी, यादीत सापडलेली नावं सांगायलाच नकार देते. खोट्या बँकेचा पत्ताच मिळाला नाही तर पान उघडणार कुठून?

अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा, होस्टनेमचा पर्याय निवडा आणि रोमन अक्षरांत 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट' लिहा. क्वाडचं स्पेलिंग क्यू-यू-ए-डी, त्याला चिकटून इंग्रजी आकडा ९. मी ते बसवून त्यांचा चाचणीचा पत्ता, 'इज इट ब्लॉक्ड डॉट ऑर्ग', उघडून बघितला. उघडला नाही, म्हणजे काम सुरू. याची खरी मजा अशी की हे फक्त ब्राउझरपुरतं नसतं. व्हॉट्सॲपमधली लिंक, एसएमएसमधली लिंक, कुठल्याशा ॲपच्या आत उघडलेलं पान, सगळं याच दारातून जातं.

तोटे? क्वाड९ला तुम्ही कुठली नावं विचारता ते कळतं, पण त्या पानावर काय केलं ते कळत नाही. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या मोफत वायफायचं लॉगिन पान कधी कधी अडतं. तेवढ्यापुरतं सेटिंग 'ऑटोमॅटिक' करायचं. आणि तासाभरापूर्वी जन्मलेलं खोटं पान यादीत नसतं. एखाद्याने गूगल फॉर्मवरच बँकेच्या नावाने रकाने बनवले तर गूगलचं नाव कोण अडवणार?

या ताज्या पानांचा प्रश्न गूगललाही आहे. क्रोममधलं सेफ ब्राउझिंग, म्हणजे तो लालभडक इशारा, आधी तुमच्या मशीनवरच्या यादीवरून चालायचा आणि ती यादी अर्ध्या-एक तासाने नवी व्हायची. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनेच सांगितलं की घातक साइट सरासरी दहा मिनिटंही टिकत नाही. म्हणून त्यांनी साध्या मोडमध्येही तत्काळ तपासणी सुरू केली. हे सेटिंग बंद केलेलं नाही ना, एवढं बघून घ्या: क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेफ ब्राउझिंग. 'एन्हान्स्ड' मोड जास्त सावध असतो, पण बदल्यात तुमच्या ब्राउझिंगबद्दल गूगलला जास्त कळतं. आईच्या फोनवर मी तो चालू करेन, स्वतःच्या फोनवर नाही. हा सौदा ज्याचा त्याने करायचा.

पण तीन आठवड्यांनंतर मला एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी पासवर्ड मॅनेजर ठेवेन. तुम्ही म्हणाल, हा सिक्युरिटी कसली देतो, हा तर पासवर्ड लक्षात ठेवायचा! तेच तर. माणूस पान ओळखतो लोगोवरून, रंगावरून, 'प्रिय ग्राहक' वाचून. पासवर्ड मॅनेजरला लोगो दिसतच नाही. तो फक्त पत्ता बघतो. ज्या पत्त्यावर पासवर्ड जपून ठेवला तोच पत्ता असेल तर पासवर्ड सुचवतो, एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर गप्प बसतो. कितीही हुबेहूब पान बनवा, त्याला भुरळ पडत नाही. आणि ताज्या पानाचा प्रश्नही इथे येत नाही, कारण याच्याकडे वाइटांची यादी नसतेच. याच्याकडे एकच चांगला पत्ता असतो.

क्रोममध्ये गूगलचा, आयफोनमध्ये ॲपलचा मॅनेजर मुळातच असतो. वेगळा हवा असेल तर बिटवॉर्डन मोफत आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. आईला सांगायचं वाक्य एवढंच: "कीबोर्डच्या वर तुझं नाव आपोआप आलं नाही, तर हाताने पासवर्ड टाइप करायचा नाही, मला फोन करायचा."

इथे आपल्या बँका दोन ठिकाणी घोळ घालतात. काही बँकांच्या पानावर पासवर्ड पेस्टच होत नाही, आपोआप भरणंही अडवलेलं असतं. तरीही खऱ्या पत्त्यावर मॅनेजर नाव सुचवतो की नाही हे दिसतंच, आणि आपल्याला ओळखपरेडीसाठी तेवढं पुरे. दुसरा घोळ ताजा आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर जायला सांगितलं. त्यामुळे जुन्या पत्त्यावर जपलेला पासवर्ड नव्या, खऱ्या पानावरही सुचवला जात नाही. अशा वेळी बँकेने पाठवलेल्या किंवा कुणी फॉरवर्ड केलेल्या लिंकवर न जाता नवा पत्ता स्वतः टाइप करा, शाखेत विचारून खात्री करा आणि एकदाच तिथे पासवर्ड जपून ठेवा.

हा नवा पत्ता मात्र कामाचा आहे. 'बँक डॉट इन'खालचं नाव कुणालाही विकत घेता येत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ते फक्त बँकांनाच देते. पण बघायचं कसं, हे समजून घ्या. पत्ता शेवटाकडून वाचायचा, म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी काय आहे ते. 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' हे खरं. 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट एक्सवायझेड' यात शेवट एक्सवायझेड, म्हणजे बँकेचा काही संबंध नाही. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बँकेच्या आधी टिंबाऐवजी छोटी आडवी रेघ, 'अमुक-बँक डॉट इन'. ते साधं डॉट इन नाव झालं, काहीशे रुपयांत कुणीही घेऊ शकतं.

कुलपाच्या चित्रावर विसंबू नका हे वेगळं सांगायला नको, पण कारण सांगतो. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र मोफत देते. छोट्या साइट्ससाठी ते वरदान ठरलं, आणि चोरालाही कुलूप फुकट मिळालं. कुलूप एवढंच सांगतं की पाकीट सीलबंद आहे. पाकीट कुणाला चाललंय ते सांगत नाही. क्रोमने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ॲड्रेसबारमधलं कुलूप काढून टाकलं ते याच गैरसमजापायी.

जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन ठेवू का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बँक शोधताना गूगलच्या वर येणाऱ्या 'स्पॉन्सर्ड' लिंका हा फसवणुकीचा जुना रस्ता आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही शोधताना ॲडब्लॉकर वापरा असा सल्ला दिला होता. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत, पण अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन चालतं आणि छान चालतं. आता तुम्ही मला पकडणार: याला पण सगळी पानं वाचायची परवानगी लागते ना? लागते. म्हणून मी ते रोजच्या ब्राउझिंगला वापरतो, बँकेला नाही.

हे वेगळं कसं ठेवायचं? लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल बनवा, नाव द्या 'बँक'. एक्स्टेन्शन्स प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असतात, तर या प्रोफाइलमध्ये एकही टाकायचं नाही. फक्त बँकेचे बुकमार्क आणि पासवर्ड. त्या विंडोला भडक केशरी रंग द्या, म्हणजे नजरेला लगेच कळतं. यात बसवायचं काहीच नाही, आणि त्या श्रोत्याला मी एक्स्टेन्शनच्या ऐवजी हेच करायला सांगितलं.

जिथे हे काहीच चालत नाही

'ट्रॅफिक चलान डॉट एपीके', 'लग्नपत्रिका डॉट एपीके'. व्हॉट्सॲपवर आलेली अशी फाइल बसवली आणि तिला एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली, की प्रत्येक ॲप आपल्या खोलीत बंद असतं ही जी फोनची ताकद मी मघाशी सांगितली, तिला आपणच भगदाड पाडतो. ओटीपी परस्पर पुढे जातो. ब्राउझर यात येतच नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' उघडा आणि तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर 'नाही' आहे का बघा. दोन मिनिटांचं काम. आईच्या फोनवर डीएनएसच्याही आधी हे करा.

तेवढंच महत्त्वाचं म्हणजे मर्यादा. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा बहुतेक ठिकाणी स्वतः कमी करता येते. पेन्शनच्या खात्यातून एका दिवसात पाच लाख जायची सोय कशाला चालू ठेवायची?

आणि तरीही पैसे गेलेच तर घड्याळ सुरू झालेलं असतं. ताबडतोब १९३० वर फोन, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आला तरच हाती लागतो. नंतर बँकेला लेखी कळवायचं आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला आखून दिलेल्या नियमांनुसार, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा प्रकरणात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर खातेदारावर भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरलेल्या रकमेपर्यंतच. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच नियम आले, त्यामुळे 'आमची सहकारी बँक आहे, आम्हाला ते लागू नाही' असं काउंटरवर कोणी म्हणालं तर मान डोलावून परत येऊ नका. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं धरलं जातं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटली, घरचे ओरडतील असं वाटलं, तरी फोन आधी करायचा. आणि आईने सांगितलं की तिच्याकडून ओटीपी गेला, तर त्या क्षणी तिला बोलत बसू नका, १९३० लावून फोन तिच्या हातात द्या.